डोंगराचं तोंड

पुरातत्त्ववाली बाई म्हटलं की लोकांना वाटतं, ही जन्मभर खणत बसली असणार. खणायला काय लागतं? कुदळ कुणीही मारतं, चोरही मारतात. माझं निम्मं आयुष्य गेलं ते बुजवण्यात. कोरड्या दिवसांत जे उघडलं ते पावसाच्या आत पुन्हा झाकायचं, नाहीतर हजार वर्षं तग धरलेला चुन्याचा गिलावा एका पावसाळ्यात भिजल्या भाकरीसारखा सुटतो. हे मी राजधानीतल्या साहेबलोकांना सांगून सांगून थकले. त्यांना सगळं उघडं हवं असतं, काचेमागे, दिव्याखाली, तिकीट लावून.

तर ही माया लोकांच्या जुन्या मुलखातल्या एल होबोच्या टेकडीची गोष्ट. टेकडी कसली, पिरॅमिडच तो, वर जंगल माजलेलं. माया राजांची रीत अशी की जुनं देऊळ पाडायचं नाही. ते नीट पुरायचं आणि त्याच्यावरच नवं, मोठं बांधायचं. त्या टेकडीच्या पोटात असं एक जुनं देऊळ होतं आणि त्याच्या दर्शनी भिंतीवर, जिन्याच्या उजव्या हाताला, एक चेहरा होता. माझ्यापेक्षा उंच. चुन्यात घडवलेला, खाचाखोचांत लाल रंग अजून टिकलेला, भुवया वळलेल्या, डोळे खोल, ओठ घट्ट मिटलेले. डोंगराचा चेहरा तो; देऊळ म्हणजे डोंगरच, असं ते लोक मानत. असे चेहरे आम्हाला पुष्कळ सापडतात, पण फुटके. पुरण्याआधी जुने लोक स्वतःच त्यांचे नाकडोळे फोडत, म्हणजे आतला जीव निघून जातो. हा एकटा सबंध राहिला होता. का राहिला, कुणाला ठाऊक नाही. मला तो सापडला तेव्हा माझे केस काळे होते. त्यानंतर मी लग्न केलं नाही, परदेशातली नोकरी चालून आली ती घेतली नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, माझा माणूस टेकडीत राहतो.

माझी माणसं सगळी केक्ची, म्हणजे त्या माया लोकांचेच आजचे वंशज. मुकादम क्रिसान्तो तिउल पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर. वयानं माझ्याएवढाच, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, बोलायला कमी आणि हट्टी असा की खेचर परवडलं. त्याची मुलगी हर्मेलिंदा आमच्या तळावरच लहानाची मोठी झाली, मग शहरात शिकून आली, आणि गिलावा सांभाळायचं काम तिच्याकडे आलं. त्या चेहऱ्यावरची एकेक चीर तिनं चुना भरून सांधलेली. मला ती मावशी म्हणते.

केक्ची माणूस जमिनीला हात लावण्याआधी डोंगराच्या धन्याला विचारतो. पेरणी असो, घर असो, की आमचं काम असो. कोपालचा धूप, मेणबत्त्या, कोको, कोंबडी. आणि त्याआधी काही दिवस अंथरूण वेगळं. बायकोजवळ जायचं नाही. ज्यानं हे पाळलं नाही त्यानं त्या दिवशी आत पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर धनी त्याला ठेवून घेतो, नाहीतर त्याच्या घरचं कुणी. उघडताना पाळायचं, बुजवतानाही पाळायचं. मी त्या पूजेला दरवर्षी हजर असायचे. मागे, हाताची घडी घालून. माझा स्वतःचा नियम एकच होता: भुयारात एकटं कुणी जायचं नाही. एकानं दगड रचायचे, दुसऱ्यानं छताकडे बघायचं. हे दोन नियम कधी एकमेकांच्या आड येतील असं आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

भुयारंही दोन होती, तेवढं सांगते म्हणजे पुढचं कळेल. पूर्वेकडून माझं, ते चेहऱ्यासमोर निघतं. दक्षिणेकडून चोरांचं, माझ्या आधीचं. चोरांनी देवळाच्या पोटात वेडंवाकडं उकरत नेमकी चेहऱ्याच्या पाठीमागे एक खोली पाडली आणि काही मिळालं नाही म्हणून निघून गेले. अजून हातभर उकरलं असतं तर चेहराच फुटला असता, पण मेल्यांना कळलंही नाही. ती पोकळी तशीच ठेवली तर देऊळ एक दिवस आत बसणार, म्हणून त्या वर्षी ती दगडमातीनं भरून काढायची होती. आतल्यानं रचत रचत मागे सरकायचं, बाहेरच्यांनी घमेली हातोहात पोचवायची.

पाऊस त्या वर्षी घाईत होता. आदल्या संध्याकाळी एक सर येऊन टेकडी भिजवून गेली होती, त्यामुळे सकाळपासून आमची पळापळ चालू होती. मी आणि हर्मेलिंदा चेहऱ्यासमोर. आमच्या डोक्यावर बसायला राजधानीहून खात्याचे आन्लेऊ साहेब आलेले. त्यांना चेहऱ्यापुढे काच बसवायची होती आणि मला ती बसवू द्यायची नव्हती. कोट घालून, चकचकीत बूट घालून ते माझ्या भुयारात वाकून उभे होते आणि घाम पुसत होते.

“मॅडम, लोकांचा वारसा लोकांना दिसायला नको?”

“फोटो आहेत की. तुमच्या आजीला तुम्ही रोज रस्त्यावर बसवता का, लोकांना दिसावी म्हणून?”

हर्मेलिंदा हसली. ती चेहऱ्यावर बारीक कापड चढवत होती. त्यावर चाळलेली माती आणि मग दगडाची भिंत, असा आमचा क्रम. कपाळ झाकून झालं होतं. ओठ अजून उघडे होते.

तेवढ्यात पायाखाली काहीतरी हललं. आवाज मोठा नव्हता. लांब कुठेतरी धान्याचं पोतं टाकावं तेवढाच. पण त्या मिटल्या ओठांच्या चिरेतून धुळीची बारीक फुंकर बाहेर आली आणि माझ्या तोंडावर बसली. हर्मेलिंदाचा हात हवेतच थांबला. पाठीमागे छत बसलं होतं.

मी रेडिओ उचलला. पलीकडे मकारियो शोल होता, क्रिसान्तोचा मेहुणा, एरवी टवाळीशिवाय तोंड न उघडणारा.

“बाई, चोरांचं भुयार बसलं. मधेच. सगळं भरून गेलं.”

“आत कोण आहे?”

“क्रिसान्तो.”

“आणि दुसरं कोण?”

रेडिओ नुसता खरखरत राहिला.

“मकारियो, मी काय विचारतेय? क्रिसान्तोबरोबर कोण आहे?”

“कुणी नाही, बाई.”

“कुणी नाही म्हणजे?”

“आम्ही पाळलं नव्हतं, बाई. परवा गावात जत्रा झाली. मी नाही पाळलं, ह्यांनी नाही पाळलं, कुणीच नाही. सकाळी एकेकानं कबूल केलं. खोटं बोलून आत कसं जायचं? मग तो म्हणाला, मी पाळलंय, मी एकटा जातो. म्हणाला, बाईंना सांगू नका, त्या ओरडतील.”

ज्याला बायको नाही त्यानं पाळलं, आणि ज्यांना आहे ते सगळे प्रामाणिकपणे बाहेर बसून राहिले. एवढे प्रामाणिक लोक मी जन्मात पाहिले नाहीत आणि एवढे मूर्खही. मी रेडिओत काय काय बोलले ते सांगण्यासारखं नाही. आन्लेऊ साहेब मान खाली घालून स्वतःच्या बुटांकडे बघत होते.

मी धावत दक्षिणेकडे गेले. भुयाराच्या तोंडाशी माणसं वेड्यासारखी उकरत होती, मकारियो तर नुसत्या हातांनी, आणि रडत होता. जेवढी माती ओढावी तेवढीच वरून येत होती. टेकडीचा सगळा ओला भार त्या भोकावर बसला होता. मी त्यांना थांबवलं.

“तुम्ही ओढाल तेवढं त्याच्या डोक्यावर सरकेल. आधी टेकू लावा. हातहातभर अंतरावर टेकू लावत पुढे जा.”

“अशानं उद्या दुपार होईल, बाई.”

“ठाऊक आहे मला.”

परत आले तेव्हा हर्मेलिंदानं चेहऱ्यावरचं कापड ओरबाडून काढलं होतं आणि ती हनुवटीला कान लावून उभी होती. “बोलतायत, मावशी,” ती म्हणाली. मीही कान लावला. चुना गार होता. आतून आधी खोकला आला, मग आवाज, विहिरीच्या तळातून यावा तसा.

“बाई, चिडू नका.”

“चिडायला आधी बाहेर तर ये. हातपाय शाबूत आहेत?”

“आहेत. दिवा पण आहे. वरून माती गळतेय. थांबत नाही.”

“जागा किती आहे तुझ्याकडे?”

“बसता येतंय,” तो म्हणाला. “मघाशी उभं राहता येत होतं.”

हर्मेलिंदाकडे बघवेना. पण ती रडत नव्हती. ती चेहऱ्याकडे बघत होती, वैद्य रोग्याकडे बघतो तशी.

“मावशी, ओठांमागे एकच लांब दगड आहे. भिंतीच्या आरपार गेलेला. तो निघाला तर माणूस जाईल एवढं भोक पडेल.”

“गालाकडून नाही जाता येणार?”

“गालाच्या दगडांनी वरच्या भुवया तोलल्यात. ते हलवले तर सगळं त्यांच्या अंगावर येईल.” तिनं ओठांवर बोट ठेवलं. “पण इकडून दगडाला धरायला जागा नाही. आपण ओठ फोडून तो चहूबाजूंनी मोकळा करायचा आणि बाबांनी आतून ढकलायचा.”

मलाही हेच दिसत होतं. कुणीतरी दुसरं काही सांगावं, एवढंच मला हवं होतं.

“मॅडम,” आन्लेऊ साहेब म्हणाले, “मला कळतंय, पण हा राष्ट्रीय वारसा आहे. लेखी परवानगीशिवाय ओरखडा काढलात तरी तुरुंग आहे. मी राजधानीला रेडिओ लावतो, सचिवांशी बोलतो.”

“लावा. त्यांना म्हणावं, आत बसलेला माणूस मघाशी उभा होता.”

साहेबांनी रेडिओ हातात घेतला आणि तसाच धरून उभे राहिले.

मला त्या ओठांकडे बघून रडू आलं, ते लपवत नाही. क्रिसान्तोचा राग आला, त्याच्या धन्याचा आला, जत्रेचा आला. ज्याच्यापायी बाकी सगळं सोडलं तेच माझ्या हातानं फोडायचं होतं. पण छिन्नी उचलायला मला वेळ लागला नाही, एवढं खरं. माणूस आत होता.

“क्रिसान्तो, ऐक. पहार आहे तुझ्याकडे?”

“आहे.”

“ओठांचा लांब दगड तुझ्या बाजूनं दिसतोय?”

“समोरच आहे.”

“आम्ही इकडून चुना फोडतो. मी हाक मारली की त्याला ढकल.”

आत पहार खाली ठेवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, “नाही, बाई.”

“काय नाही?”

“तोंड फोडायचं नाही. बुजवायचं विचारलंय आपण, फोडायचं विचारलेलं नाही. समोर हर्मेलिंदा आहे ना?”

“आहे.”

“मग कसा ढकलू? मला सोडलं तर धनी तिला घेईल. तिला बाहेर पाठवा. दक्षिणेकडून खणू देत त्यांना.”

“दक्षिणेकडून उद्या होईल, गाढवा.”

“मग उद्या.”

हर्मेलिंदानं दोन्ही तळवे त्या चेहऱ्यावर टेकले. “बाबा, मी इथून हलणार नाही. मला न्यायचं तर नेऊ दे त्याला.”

“असं बोलू नये,” आतून आवाज आला, आणि त्याच्या मागोमाग माती घसरल्याचा. मोठा ढीग असावा. तो बराच वेळ खोकत राहिला. मी डोकं शांत ठेवायचा प्रयत्न करत होते. ते मला कधीच जमलेलं नाही.

“अरे, मग विचार ना. आत्ता विचार. तू तर पाळलंयस.”

“स्वतःसाठी मागता येत नाही, बाई. दुसऱ्यानं मागायचं असतं. पाळलेल्या माणसानं.”

“मकारियोला आणते.”

“मकारियोचं नाव काढू नका. जत्रेत तो…”

“तो जत्रेत काय करत होता ते मला नको सांगूस.”

मी हर्मेलिंदाकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. “मी पण नाही, मावशी. हे आले होते ना जत्रेला. सकाळी सांगायची लाज वाटली.” इतक्या दिवसांनी नवरा भेटलेला, तिला काय बोलणार? आन्लेऊ साहेबांना तर विचारायचाही प्रश्न नव्हता. ते सगळ्यांनाच परके.

“मग मी आहे की,” मी म्हटलं.

“तुम्ही?” आतून आलं.

“का? कोणाबरोबर झोपते मी, त्या वटवाघळांबरोबर? माझं अंथरूण तुम्हा सगळ्यांपेक्षा जास्त वर्षं वेगळं आहे.”

साहेब खोकले. आतूनही एक आवाज आला. हसला बहुतेक.

“पण तुम्ही मानत नाही, बाई.”

“मानायचं माझं मी बघते. त्याला पाळलेलं माणूस हवंय ना? आहे की नाही मी?”

तो विचार करत होता. तिथे, मातीत बसून, जागा कमी होत असताना तो माणूस नीट विचार करत होता. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

“आहात,” तो शेवटी म्हणाला. “पण काहीतरी द्यावं लागतं. कोंबडी नाही चालायची. त्याचं तोंड मागताय तुम्ही. आपलं जे असेल ते द्यायचं, बाई. आणि खोटं द्यायचं नाही.”

दुपारच्या पूजेसाठी आणलेला कोपाल हर्मेलिंदाच्या पिशवीत होता. माझ्या भुयारात मी कधी काडी पेटवू दिली नव्हती. चुन्यावर काजळी धरते. त्या दिवशी मीच पेटवली. एका खापरावर ते डिंकाचे खडे ठेवले, फुंकले, आणि चेहऱ्यासमोर गुडघ्यांवर बसले. धूर वर गेला, ओठांपाशी रेंगाळला.

“वास येतोय,” आतून तो म्हणाला. त्याची खात्री पटली असावी की मी त्याला फसवत नाहीय.

पूजेचे शब्द मला सगळे पाठ होते. इतकी वर्षं मागे उभं राहून ऐकलेले. तू माझा बाप, तू माझी आई, तुझ्या अंगावर आम्ही चालतो, तुझ्या अंगावर आम्ही खातो. तिथपर्यंत केक्चीत म्हणून झालं. पुढे काय मागायचं ते ज्याचं त्यानं आपल्या शब्दांत मागायचं असतं.

“तुला मी उघडलं,” मी म्हटलं, “आणि दरवर्षी मीच झाकलं. तुझ्यावर पाऊस पडू दिला नाही. आता तुझं तोंड मागते. त्याच्या बदल्यात माझं येणं घे. आजच्यानंतर मी तुझ्यासमोर उभी राहणार नाही, तुझा चेहरा परत बघणार नाही. ह्या मुलीला हात लावू नकोस. आणि आतला म्हातारा मला दे. तो हट्टी आहे, तुला तरी काय उपयोग त्याचा.”

बोलून गेले आणि मग कळलं, आपण काय बोलून बसलो. मागे घ्यावंसं वाटलं. घेता येत नव्हतं. हर्मेलिंदानं ऐकलं होतं, क्रिसान्तोनं ऐकलं होतं.

“झालं,” तो आतून म्हणाला. आवाज बारीक झाला होता. “फोडा, बाई.”

मी छिन्नी लावली, पण हातोडी हर्मेलिंदानं माझ्या हातातून घेतली. “कुठे मी भरलंय ते मला ठाऊक आहे,” ती म्हणाली आणि स्वतःच्या सांध्यांपासून सुरुवात केली. वरच्या ओठाचा पहिला तुकडा निघाला तेव्हा तिच्या तोंडून एक हुंदका आला, मग नाही. चुना लाल रंगासकट गळत होता. साहेबांनी रेडिओ खाली ठेवला, कोट काढला आणि तो चेहऱ्याखाली पसरला, तुकडे मातीत जाऊ नयेत म्हणून. मग दिवा उचलून बरोबर छिन्नीच्या टोकावर धरला. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

दगड चहूबाजूंनी मोकळा झाला. “ढकल,” मी ओरडले.

आतून पहारेचा ठोका आला. दुसरा आला. दगड बोटभर पुढे आला आणि अडला. वर, डाव्या भुवईत, केसासारखी एक चीर उमटली आणि आम्ही बघत असतानाच लांबली.

“थांबा, बाबा,” हर्मेलिंदा म्हणाली. तिनं भुवईखाली खांदा लावला, पाय रोवले. “आता.”

ठोका आला नाही.

“क्रिसान्तो?”

काही नाही. नुसती माती, वाळूच्या घड्याळात पडावी तशी, एकसारखी. मी त्या फुटक्या ओठांपाशी तोंड नेलं आणि जेवढं येतं तेवढं सगळं ओरडले. आळशी म्हटलं, रेडा म्हटलं, मकारियोपेक्षा वाईट म्हटलं. तुझ्या मुलीनं खांद्यावर डोंगर धरलाय आणि तू बसलायस, असं म्हटलं.

त्यावर ठोका आला. एकच, पण त्यात त्याची सगळी ताकद होती. दगड सुटला, मी तो चाळलेल्या मातीच्या पोत्यांवर घसरू दिला, आणि चेहऱ्याच्या तोंडातून धूळ बाहेर आली, तिच्यामागून हात आला. मातीनं पांढरा झालेला, नखं फुटलेला हात. मी तो धरला आणि ओढलं. खांदे अडकले. साहेब दिवा टाकून आले, त्यांनी दुसरी काख धरली, आणि क्रिसान्तो तिउल त्या तोंडातून बाहेर आला तो सरळ माझ्या अंगावर पडला. त्याचे पाय सुटताहेत तोच पाठीमागची खोली खाली बसली. टेकडी हलली. भुवया मात्र जागेवर राहिल्या. गालांनी धरल्या त्यांना.

हर्मेलिंदानं खांदा काढला आणि बापाला मिठी मारली. तो तिला चाचपून बघत होता, हात, डोकं, पाठ. सगळी आहे ना म्हणून. मग त्याची नजर वर गेली. जिथे ओठ होते तिथे आता काळं भोक होतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

“किती सुंदर होतं, बाई.”

“गप्प बस,” मी म्हटलं आणि त्याच्या पाठीत एक धपका घातला, चांगला जोरात. मग मी उठले. चेहऱ्याकडे माझी पाठ होती आणि ती मी तशीच ठेवली. भुयारातून बाहेर येईपर्यंत वळून बघण्याची इतकी इच्छा झाली की मान दुखायला लागली. नाही बघितलं.

पुढचं झाकायचं काम हर्मेलिंदानं केलं. ओठांचे सगळे तुकडे साहेबांच्या कोटात बांधून चेहऱ्याच्या हनुवटीशी ठेवले. माणसांनी अंथरुणं वेगळी केली आणि मग भराव घातला. ह्या खेपेला त्यांच्या बायकाच पहारा देत होत्या म्हणे. चीर पडलेल्या भुवईला टेकू दिला. पाऊस आला तेव्हा सगळं मातीखाली होतं.

राजधानीत माझी चौकशी झाली. लांबलचक टेबलामागे बसलेल्या एकानं विचारलं, “तोंड फोडण्याआधी कुणाची परवानगी घेतली होती?”

“ज्याचं तोंड होतं त्याची,” मी म्हटलं.

आन्लेऊ साहेबांनी जसं घडलं तसंच सांगितलं, आपण दिवा धरला होता हेसुद्धा. त्याचा त्यांना काही फायदा झाला नाही. मला खणायची परवानगी पुन्हा मिळणार नाही असा निकाल लागला आणि तो ऐकून मी रडले नाही, ह्याचं त्या लोकांना नवल वाटलं. जे ते काढून घेत होते ते मी आधीच दुसऱ्याला देऊन बसले होते, हे त्यांना कुठे माहीत.

आता मी फ्लोरेस गावात तळ्याकाठी राहते. एल होबोचं काम हर्मेलिंदाकडे आहे. परवा ती बापाला घेऊन आली होती. येत्या कोरड्या दिवसांत चेहरा उघडायचा म्हणते. तुकडे सगळे आहेत, ओठ पुन्हा बसवता येतील. मी तिला काही खुणा सांगितल्या, चुन्यात काय मिसळायचं ते सांगितलं. मग ती जरा घुटमळली.

“मावशी, एकदाच या. लांबून बघा. कुणाला कळणार आहे?”

“ज्याला दिलं त्याला कळेल,” मी म्हटलं.

क्रिसान्तो कॉफीत पाव बुडवत बसला होता.

“ओठ बसवू नकोस,” तो मुलीला म्हणाला.

“का, बाबा? सगळे तुकडे आहेत. पूर्वीसारखं होईल.”

“भुवई सांध, बाकीचं कर. तोंड उघडं राहू दे. परत कुणाला बाहेर यावं लागलं तर?”

हर्मेलिंदा माझ्याकडे बघायला लागली, मी काय म्हणते म्हणून. मी किटली उचलली आणि त्याच्या कपात अजून थोडी कॉफी ओतली.